झाकली गाडी सव्वा लाखाची

मी बँकेत कारकून आहे. बँकेतल्या कारकुनाला स्वतःचं मत नसतं. असलंच तर तो ते जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबर उघडतो आणि डब्याबरोबरच बंद करतो. बावीस वर्षांच्या नोकरीत व्याजदर, बदल्या, युनियन आणि वरचेवर झोपणारा सर्व्हर यांपैकी कशावरही मी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललेलो नाही. पण मोटारीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. आमच्या रत्नागिरीत मे महिना संपत आला की घराघरांतून ताडपत्र्या, प्लॅस्टिकचे कागद आणि नायलॉनच्या दोऱ्या बाहेर निघतात, आणि ज्याच्या दारात जुनी गाडी आहे तो तिला मोठ्या मायेने, चारी बाजूंनी दोऱ्या आवळून, गुदमरवायला घेतो. अशा माणसाचा हात धरावा आणि विचारावं, "अहो, हिच्याशी तुमचं काय वैर आहे?"

माझा हात त्या वेळी कोणी धरला नाही, म्हणून हा लेख.

आमच्याकडे १९७२ सालची फियाट आहे. अकराशे डिलाइट. ज्यांनी गाडीच्या काचा बटणाखेरीज खाली होताना पाहिलेल्याच नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यातून निघायची आणि पुढे जिचं पद्मिनी असं बारसं झालं, तीच ही. इंजिन १०८९ सी.सी., गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, आणि स्वभाव घरच्या थोरल्या सुनेसारखा; कुरकुर करील पण काम अडवणार नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८४ साली २२ हजार रुपयांना घेतली, तीसुद्धा तिसऱ्या हाताची. त्या काळी नव्या गाडीला नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबत. अप्पांना थांबणं जमत नाही.

मी बी.कॉम. आहे. आयकराच्या १५ टक्के दराने, घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा काढत गेलं तर चाळीस वर्षांनी, २०२४ साली, या गाडीची पुस्तकी किंमत ३३ रुपये येते. हे मी एकदा अप्पांना हिशेब मांडून दाखवलं. त्यांनी खिशातून पन्नासची नोट काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "सतरा परत दे, आणि पुन्हा गाडीची किंमत काढू नकोस."

ही गाडी जिथे राहते त्याला आम्ही गॅरेज म्हणतो ते केवळ गाडीचा मान राखण्यासाठी. जांभ्या चिऱ्याच्या तीन भिंती, वर कौलं, खाली कोबा आणि पुढे दोन फळ्यांचं लाकडी दार. दाराखाली वीतभर फट. त्या फटीतून वारा यायचा, बेडूक यायचे, शेजाऱ्यांची कोंबडी यायची. अडतीस पावसाळे गाडीने तिथे काढले, अंगावर चिंधी न घेता. कुठे कुठे गंजाचे फोड आले, पण पत्र्याला पत्रा म्हणावं इतपत तो शिल्लक होता.

मग २०२२ साल उजाडलं आणि गाडी पन्नास वर्षांची झाली. इथे आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कथेत येतात. ते पुण्याला असतात. पुण्याहून येताना ते दोन गोष्टी आणतात : बाकरवडी आणि सल्ला. बाकरवडी संपते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम काढला होता, तो भाऊजींना पाठ होता. "आता ही नुसती गाडी नाही," ते दाराशी उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "हा वारसा आहे. जपला पाहिजे." त्याच नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच काढायची. हे ऐकल्यावर अप्पांनी साफ नकार दिला. "पाच-पाच वर्षांनी साधी नोंदणी करतोय ती बरी आहे. मला शोभेची गाडी नको." नोंदणी राहिली, पण भाऊजींची जपणूक काही राहिली नाही. पुढच्याच आठवड्यात पार्सल आलं. आत जाड प्लॅस्टिकचं कव्हर होतं, शंभर टक्के वॉटरप्रूफ, खाली इलॅस्टिक, आणि बांधायला चार पट्टे.

मी तसा आज्ञाधारक मेहुणा. नुसतं कव्हर घालून थांबलो नाही. लाकडी दार काढून पत्र्याचं शटर लावलं, खाली रबराची पट्टी बसवली, कौलांखालच्या फटी गवंड्याकडून सिमेंटने बुजवून घेतल्या. बेडकाची काय टाप होती आत यायची! त्याच जूनमध्ये ताईने अप्पांचाही बंदोबस्त केला. एप्रिलमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा पडवीत बसायचं नाही, खोलीची खिडकी उघडायची नाही, डोक्याला माकडटोपी. अशी एकाच आठवड्यात घरातली दोन्ही जुनी मॉडेलं आम्ही पॅक केली आणि निश्चिंत झालो.

अप्पा रोज संध्याकाळी काठी टेकत शटरपर्यंत जायचे, ते वीतभर उचलायचे, वाकता येत नसे म्हणून नुसते उभे राहायचे आणि परत यायचे. ऑगस्टमध्ये एक दिवस म्हणाले, "वास येतोय रे."

"पावसाचा असेल, अप्पा."

"पावसाचा वास मला ठाऊक आहे. हा आतला आहे. एकदा कव्हर काढून बघू या."

"गणपतीत भाऊजी येणारच आहेत. तेव्हा काढू."

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकीच्या नोंदी लाल शाईने दुरुस्त करत आलो. ही माझी नोंद मात्र आजतागायत तशीच आहे.

३१ ऑगस्टला गणपती बसले. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी स्वहस्ते पट्टे सोडले. कव्हर आतून ओलं होतं, दमट नव्हे, ओलं. झटकल्यावर थेंब उडाले. सीटवर बुरशीने पांढरी दाढी सोडली होती. बंपरच्या क्रोमला पुरळ आलं होतं. चौघांनी ढकललं तरी गाडी हलेना, कारण मी हँडब्रेक ओढून ठेवला होता आणि मागचे ब्रेक-शू ड्रमला चिकटून एकजीव झाले होते. खालच्या आळीतल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, तिच्याखालचं नमदं पिळून दाखवलं, आणि स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवला. तो आरपार गेला. भोकातून कोबा दिसला.

"पत्रा पहिल्यापासून पातळ होता, काका," ते अप्पांना म्हणाले, "पण ह्या पावसानं निकाल लावला."

"कुठल्या पावसानं? थेंब तरी आत आलाय का?" भाऊजी म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, कव्हरकडे पाहिलं, आणि एस्टिमेट लिहायला घेतलं. पत्राकाम, ब्रेक, सीटं, रंग मिळून एक लाख पंचवीस हजार. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे शाळेत शिकलो होतो. झाकली गाडीही नेमकी तेवढ्याचीच निघाली. अप्पा काही बोलले नाहीत. ते नंतरही दोन दिवस काही बोलले नाहीत.

आता भांडणाकडे येतो. हे सगळे झाकणारे लोक एक गोष्ट गृहीत धरतात : पाणी वरून येतं. पाऊस वरून येतो हे खरं, पण गॅरेजमधल्या गाडीला पावसाशी काय करायचंय? तिच्या वर कौलं आहेत. तिला खाणारं पाणी खालून येतं. कोबा दिसायला कोरडा असला तरी पावसाळ्यात त्याच्या पोटातून ओल वर चढत असते. हवेतही वाफ असतेच; आमच्याकडे जुलैत आर्द्रता सर्रास ८० टक्क्यांच्या वर असते, आणि साधारण ६०च्या वर गेली की लोखंडाच्या गंजण्याला जोर चढतो. त्यातून समुद्राचा खारा वारा. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाझरतं ते स्वयंपाकघरात जाऊन बघा. तेच मीठ पत्र्याच्या सांध्यात बसलं की तेही हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जागच्या जागी पाझरत राहतं. दिवसा उन्हाची तिरीप येऊन गॅरेज जरा तापलं की ओल वाफ होऊन उठते. रात्री पत्रा थंड झाला की ती त्याच्यावर दव होऊन बसते. दाराला फट असेल तर वारा तिला घेऊन जातो. वर शंभर टक्के वॉटरप्रूफ कव्हर असेल तर ती जाईल कुठे? वॉटरप्रूफ म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही हे जितकं खरं, तितकंच आतलं पाणी बाहेर जात नाही हेही खरं. पण हा दुसरा अर्धा भाग खोक्यावर छापलेला नसतो.

हे मी सौभाग्यवतींना मोठ्या अभ्यासाने समजावून सांगू लागलो, तर पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "गरम पोळ्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं तर काय होतं?"

"घाम सुटतो."

"मग? त्यासाठी एवढं वाचायला कशाला हवं? मला विचारायचं होतंत."

खरोखरच विचारायला हवं होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहिणीने ती गाडी वाचवली असती. डब्यात खाली फडकं घालून झाकण किलकिलं ठेवलं असतं, संपलं.

कोब्याची परीक्षा कशी करायची तेही आता मला येतं. प्लॅस्टिकचा दीड-दीड फुटाचा तुकडा घ्यायचा, जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि एक दिवस विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी उचलला की त्याला खालून थेंब दिसतात की नाही ते बघायचं. आमच्या गॅरेजमध्ये इतके दिसले की अप्पा म्हणाले, "नळाचं बिल उगाच भरतोस."

दुसरी जमात याहून भयंकर. ही पाच मिनिटंवाली जमात. आमच्या शाखेतले हेडकॅशियर या पंथाचे. दर रविवारी सकाळी गाडी जागच्या जागी सुरू करायची, पाच मिनिटं घुर्रघुर्र करू द्यायची, हात जोडून बंद करायची. देवाला फूल वाहिल्यासारखं. त्यांना वाटतं, इंजिनाला व्यायाम झाला. वास्तविक एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. हे मला आमच्या बँकेत येणाऱ्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी पैसे भरण्याच्या स्लिपच्या पाठीवर मांडून दाखवलं, आणि मी ते कॅश मोजावी तसं दोनदा तपासलं. लांब गेलात, इंजिन आणि सायलेन्सर सणसणीत तापले, तर ते पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पाच मिनिटांत बंद केलंत तर ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये मुक्कामाला राहतं. म्हणजे बाहेरची ओल कमी पडली म्हणून आपण आत स्वतःची वेगळी बनवायची! हेडकॅशियरसाहेबांच्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण मी त्यांच्यासमोर उघडलं. आतून दुधावर यावी तशी पांढरी साय. "हे काय?" त्यांनी विचारलं. "रविवारची पूजा," मी म्हणालो. त्या महिन्यात त्यांनी माझी रजा अडवली.

बाकीच्या उपायांवर फार शाई खर्च करत नाही. डांबराच्या गोळ्यांनी झुरळं जात असतील, ओल जात नाही. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात, बंद कपाटात ठीक आहेत. फटीफटींच्या गॅरेजमध्ये ठेवणं म्हणजे टीपकागदाने अरबी समुद्र टिपणं. पूर्वी आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर साठचा बल्ब जळत ठेवायचे. ती युक्ती अस्सल होती, कारण हवा थोडी तापली की तिची आर्द्रता आपोआप उतरते. आता एल.ई.डी. आले, उजेड मिळतो, ऊब नाही. परदेशात म्हणे गाडी फुग्यात ठेवतात आणि चोवीस तास पंख्याने त्यात हवा खेळवतात. तिथेही शेवटी करामत फुग्याची नव्हे, हलत्या हवेची. पण आमच्याकडे जुलैत वीज गेली की ती कधी येईल ते वीजवाल्यांनाही ठाऊक नसतं. फुगा बसला म्हणजे पुन्हा कव्हरच.

आणि हे शिकायला परदेशी कशाला जायचं? मिऱ्याच्या किनाऱ्यावर जावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कोळी बांधव होड्या वर ओढतात आणि शाकारतात. होडी लाकडाच्या ओंडक्यांवर चढवलेली, जमिनीपासून सुटी. वर झावळ्यांचं छप्पर, तेही अंगाला न चिकटता, मध्ये हवा खेळेल असं. ही जुनी रीत. आता कुठे कुठे तिथेही प्लॅस्टिक आलंय, पण जाणता कोळी त्याचीही टोकं मोकळी सोडतो. त्याचं पोट त्या होडीवर आहे. आमचं गाडीवर नाही, म्हणून आम्हाला कव्हर परवडतं.

भाऊजींचा मुद्दा असा की गाडी बाहेर काढली तर भिजते. भिजते ना! भिजू दे की. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या आठवा. वर्षानुवर्षं भर पावसात रस्त्यावर उभ्या. त्यांना कोणी कव्हर घातलं होतं? पत्रे ठिगळलेले असतील, दारं बांधलेली असतील, पण त्या रोज धावत होत्या, तापत होत्या, वाळत होत्या. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर थांबली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमाने, गंजाने नव्हे. ओलं होणं निराळं आणि ओलं राहणं निराळं. हा फरक ज्याला कळत नाही त्याने छत्रीसुद्धा मिटलेली, तशीच ओली, पिशवीत ठेवून बघावी.

त्या सव्वा लाखासाठी मी माझ्याच बँकेतून कर्ज काढलं आणि कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलं : 'घरदुरुस्ती'. ते खोटं होतं असं मला अजून वाटत नाही. पत्राकामाला चार महिने लागले. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला कारखान्यानेच भोकं ठेवलेली असतात. मागे कोणा रंगाऱ्याने ती लांबी भरून सफाईदार बुजवली होती आणि दारं आतून घागरीसारखी भरत होती. ती मिस्त्रींनी मोकळी केली. ब्रेकचं ऑइल बदललं, कारण तेही हवेतलं पाणी पितं. आता हँडब्रेक ओढत नाही, चाकांखाली लाकडी गुटके लावतो. शटर गेलं, दोन फळ्यांचं दार परत आलं. समोरच्या भिंतीतले चार चिरे काढून जाळी बसवली. धुळीसाठी उन्हाळ्यात एक जुनी सुती चादर, पावसाळ्यात तीही नाही. बेडूक परत आले आहेत.

आणि उघडीप मिळाली की रविवारी हातखंबा. इथून दहा-बारा किलोमीटर. जाऊन-येऊन इंजिन चांगलं तापतं, आणि आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला पाण्याची फार ओढ असल्यामुळे टाकीतलं जुनं पेट्रोल मुरत बसण्याऐवजी खर्च होतं. परत आल्यावर नळीने गोड्या पाण्याने खालून धुवायची आणि दारं उघडी टाकायची. गाडी मी चालवतो. शेजारी अप्पा बसतात.

पहिल्या फेरीला ताईचा फोन आला होता, त्यांना टोपी घालून ने म्हणून. नेली. साळवी स्टॉप ओलांडला आणि अप्पांनी काच खाली करायला हात घातला. हँडल घट्ट झालं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी फिरवलं. मी म्हणालो, "अप्पा, वारा लागेल."

"त्यासाठीच करतोय," ते म्हणाले, आणि टोपी काढून मागच्या सीटवर टाकली. हातखंब्याला चहा घेतला. येताना म्हणाले, "तिसऱ्यावर ओढू नकोस, चौथा टाक." पाच महिन्यांत त्यांनी मला गाडीबद्दल सांगितलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी चौथा टाकला.

गेल्या गणपतीत भाऊजी आले. बाकरवडीची पिशवी ठेवून थेट गॅरेजकडे गेले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, जाळीतून येणाऱ्या वाऱ्याकडे संशयाने पाहिलं आणि म्हणाले, "मी पाठवलेलं कव्हर कुठे गेलं?"

"आहे की. गाडीच्याच कामी आहे."

"दिसत नाही ते?"

अप्पा पडवीतल्या खुर्चीतून ओरडले, "जावईबापू, खाली बघा! तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

भाऊजींनी पाय उचलून पाहिलं. कोब्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत त्यांचं कव्हर उसवून सपाट अंथरलेलं होतं. वर फळ्या, फळ्यांवर गाडी. त्यांनी फळीच्या कडेचा एक कोपरा उचलला. खालच्या अंगाला थेंब होते, वरचं अंग खडखडीत कोरडं. बराच वेळ ते तो कोपरा हातात धरून उभे होते.

"क्वालिटी चांगली आहे पण," ते शेवटी म्हणाले.